पाण्याखाली तांबडा रंग जातो कुठं, आणि फोटोत तो परत कसा आणायचा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमची सगळी गँग मालवणला गेलेली. भाचीनं पहिल्यांदाच स्कूबा केलं, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहली, आणि कोल्हापुरात परत आल्याआल्या टीव्हीला मोबाईल जोडून सगळ्यांना व्हिडिओ दाखवायला बसली. आत्तीनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू जाताना तांबडा टी-शर्ट घातला हुतास न्हवं? हितं तर काळा दिसतोय. आणि मासं सगळं एकाच रंगाचं कसं गं?"

भाचीचं म्हणणं, कॅमेरा फालतू होता. पण कॅमेरा चांगला होता, तो धरणारा गाईड पण रोजचा सरावाचा होता, आणि आत्तीचा प्रश्न एकदम बरोबर होता. मी लग्नाचं शूटिंग करतो, त्यामुळं घरात फोटोचं काही असलं की सगळे माझ्याकडं बघतात. त्या रात्री तासभर बोलत बसलो तेच इथं नीट लिहून काढतोय, कारण आता स्कूबा काही फक्त बाहेरच्या टुरिस्टचं राहिलेलं नाही, गल्लीतली पोरं पण शनिवारी रात्री निघून रविवारी डाईव्ह करून येतात. त्यात नौदलातनं २०२४ मध्ये निवृत्त झालेली युद्धनौका आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ पाण्याखाली म्युझियम म्हणून ठेवायची असं बातम्यांत आल्यापासनं तर ओळखीतला प्रत्येक जण विचारतोय की पाण्यात कॅमेरा कुठला न्यायचा. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी तो तांबडा टी-शर्ट काळा का झाला ते समजून घेतलं की निम्मं काम होतंय.

पाणी बिनरंगाचं नसतंय

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की पाण्याला रंग नाही. ग्लासापुरतं ते खरंय. पण कोरा चहा चमच्यात घेऊन बघा, फिकट सोनेरी दिसतो, आणि तोच चहा पातेल्यात गडद तपकिरी. चहा तोच, थर जाड झाला. पाण्याचं तसंच आहे, त्याला अगदी किंचित निळा रंग आहे जो चार इंचाच्या ग्लासात कळत नाही, चार मीटरच्या थरात कळतो. लोक म्हणतात समुद्र निळा दिसतो तो आकाशामुळं. वरनं बघताना आकाशाचं प्रतिबिंब असतंय हे मान्य, पण मग छत असलेला, पांढऱ्या फरशीचा पोहण्याचा तलाव आतनं निळसर का दिसतो? तिथं कुठलं आलंय आकाश?

कारण असं की सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात आणि पाणी त्यातला तांबडा रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. पाण्याचे रेणू सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीचा मेळ तांबड्या उजेडाशी बसतो, निळ्याशी जवळजवळ बसतच नाही. म्हणून तांबडा उजेड पाण्यात जिरतो आणि निळा पुढं जातो. याला शोषण म्हणतात, एवढा एकच शास्त्रीय शब्द लक्षात ठेवा.

आता टी-शर्टचं. तांबडा कपडा तांबडा का दिसतो, तर त्याच्यावर पडलेल्या उजेडातला तांबडा तेवढा तो आपल्याकडं परत फेकतो आणि बाकीचे ठेवून घेतो. पण खाली त्याच्यापर्यंत तांबडा उजेड पोचलाच नाही तर तो परत काय फेकणार? काहीच नाही. म्हणून काळा. कपड्याचा रंग कुठं गेला नव्हता, त्याला दाखवायला लागणारा उजेड वाटेतच संपला होता. खोल पाण्यातले कितीतरी जीव तांबडे असतात ते पण याच्यामुळंच, वर टोपलीत लालबुंद दिसणारी तांबोशी खाली काळपट होऊन जाते आणि शिकाऱ्याच्या नजरेतनं सुटते.

मीटरमीटरला टोलनाका

टोल म्हटल्यावर कोल्हापूरकराला जास्त सांगायला नको, रस्त्यावर उतरून घालवलाय आपण. तर समजा समुद्रात दर मीटरला एक टोलनाका आहे. गडद तांबड्या रंगाच्या खिशात जे काही असेल त्यातला साधारण तिसरा हिस्सा प्रत्येक नाका काढून घेतो. शंभर रुपये घेऊन निघाला, पहिल्या मीटरला ६७ उरले, दुसऱ्याला ४४, तिसऱ्याला ३०, चौथ्याला २०, पाचव्याला १३. दहाव्या मीटरला दोन रुपये पण नाहीत. केशरी जरा जास्त तग धरतो, पिवळा त्याहून जास्त, हिरवा अजून लांब जातो, आणि निळा तर स्वच्छ समुद्रात दहा मीटर गेला तरी शंभरातले नव्वदच्या आसपास राखून असतो. हे आकडे स्वच्छ पाण्याचे, गढूळ असलं की हिशोब बदलतो, ते पुढं सांगतो.

आता इथं सगळे चुकतात, मी पण चुकलो होतो. आपण फक्त खोली मोजतो. "पाचच मीटरला होतो की, मग रंग का गेले?" अहो पण उजेड वरनं पाच मीटर खाली आला, टी-शर्टवर पडला, आणि मग तिथनं कॅमेऱ्यापर्यंत आडवा पण पाण्यातनंच आला ना. कॅमेरा तीन मीटर लांब असेल तर एकूण आठ नाके झाले. आठ नाक्यांनंतर शंभरातले चारच रुपये राहतात. तोच कॅमेरा अर्ध्या मीटरवर नेला तर साडेपाच नाके, म्हणजे दहा-अकरा रुपये. खोली तीच, कॅमेरा तोच, पाणी तेच, फक्त पुढं सरकलात आणि तांबडा जवळजवळ तिप्पट झाला, एक रुपया खर्च न करता.

या लेखातनं एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या: तुमच्यात आणि माशात जेवढं पाणी आहे तेवढं कमी करा. फिल्टर, लाईट, सेटिंग, ॲप हे सगळं त्याच्यानंतर.

पण मला तर खाली रंग दिसले होते की!

हे भाचीनं पण सांगितलं, आणि ती खोटं बोलत नव्हती. आपला मेंदू लय हुशार आहे. संध्याकाळी पिवळ्या बल्बच्या उजेडात पांढरा शर्ट तुम्हाला पांढराच दिसतो, पण त्याचा फोटो काढला की पिवळा येतो. डोळ्याला सवय होते, मेंदू म्हणतो हा शर्ट पांढराच असणार, आणि तसं दाखवतो. पाण्याखाली पाच मिनिटं काढली की मेंदू तिथल्या निळ्या-हिरव्या उजेडाला पण असाच सरावतो आणि मग फरक असलेले रंग त्याला वेगळे कळायला लागतात. कॅमेरा मात्र जेवढा उजेड आला तेवढाच लिहून ठेवतो. म्हणून वर आल्यावर फोटो बघून वाटतं की हे आपण बघितलंच नव्हतं.

अजून एक फसवणूक अंतराची. पाण्यात मास्कच्या काचेतनं बघताना वस्तू आहे त्यापेक्षा साधारण पाव अंतरानं जवळ आणि म्हणून मोठी दिसते. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर वाटतो. त्यामुळं नवखा माणूस "आलो की जवळ" म्हणून लांबनंच बटण दाबतो. जवळ आलोय असं वाटलं की अजून एक हात पुढं सरका, मग काढा. आणि झूम वापरू नका, झूमनं मासा मोठा होतो पण मधलं पाणी तेवढंच राहतं. रुंद लेन्स लावून जवळ जाणं हाच मार्ग. ॲक्शन कॅमेऱ्याला, म्हणजे अंगाला बांधायच्या त्या छोट्या कॅमेऱ्याला, लेन्स आधीच रुंद असते, तिचा फायदा घ्या, एक-दीड फुटावर जा.

जवळ म्हणजे माशाच्या मागं लागणं नव्हे. मासा पळाला की त्याचा पाठलाग करायचा नाही, एका जागी शांत थांबलं की तो आपणच फिरून येतो. आणि प्रवाळाला हात लावून, पाय टेकवून फोटो काढायचा तर अजिबात नाही. मालवणचं पाणी १९८७ पासनं सागरी अभयारण्य आहे, पण नियम बाजूला ठेवला तरी तुमच्या फिनच्या, म्हणजे पायातल्या रबरी परांच्या, एका फटक्यानं जे मोडतं ते वाढायला वर्षं गेलेली असतात. ज्याला पाण्यात अजून स्थिर तरंगता येत नाही त्यानं कॅमेरा नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली डाईव्ह नुसती बघायची.

वेळ आणि खोली, फुकटातले उपाय

टी-शर्ट जेवढा वर तेवढे नाके कमी. पहिल्यांदा डाईव्ह करणाऱ्याला तसंही १२ मीटरपेक्षा खाली न्यायचं नसतं, आणि रंगासाठी तर तीन ते पाच मीटर ही सोन्यासारखी जागा आहे. सूर्य डोक्यावर असताना, साधारण दहा ते दोन, उजेड सरळ खाली उतरतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तो तिरका येतो, एकतर पाण्याच्या पाठीवरनं बराच परत उडतो आणि जो आत शिरतो त्याला लांबचा रस्ता पडतो, म्हणजे नाके वाढले. जमिनीवर आम्ही फोटोवाले दुपारचं कडक ऊन टाळतो, पाण्यात नेमकं तेच लागतं. सूर्य पाठीशी ठेवा म्हणजे उजेड माशाच्या तुमच्याकडच्या अंगावर पडतो.

व्हाईट बॅलन्स म्हणजे नक्की काय

लग्नात हळदीच्या दिवशी काय होतंय सांगतो. मंडप पिवळा, साड्या पिवळ्या, झेंडूच्या माळा पिवळ्या, नवरीच्या गालाला हळद. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा म्हणतो अरे बापरे केवढा पिवळा, बहुतेक इथला बल्बच पिवळा दिसतोय, आणि तो पिवळा कमी करून टाकतो. नवरी फिकट आणि निळसर, आजारी असल्यासारखी येते. म्हणजे कॅमेरा अंदाज लावत असतो की इथला उजेड कुठल्या रंगाचा आहे, आणि त्या अंदाजाप्रमाणं रंग कमी-जास्त करतो. या तोल सांभाळण्याला व्हाईट बॅलन्स म्हणायचं.

पाण्याखाली हा अंदाज साफ चुकतो, कारण जमिनीवरच्या ट्यूब, बल्ब, ऊन, ढग यांच्या पलीकडचा उजेड त्याला माहीतच नसतो. मग त्याला सांगायला लागतं. ज्या कॅमेऱ्यात कस्टम व्हाईट बॅलन्स आहे त्यात एक सोपी पद्धत आहे: पांढरी प्लास्टिकची पाटी सोबत न्यायची, डायव्हर लोक खाली लिहायला वापरतात तसली, ज्या खोलीवर फोटो काढायचाय तिथं ती समोर धरायची आणि कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा, हे पांढरं आहे. तो तिथल्या उजेडाप्रमाणं तांबडा वाढवून घेतो. पाटी नसेल तर खालच्या फिक्या वाळूवर पण काम चालतं. दोन-तीन मीटर खाली किंवा वर गेलात की परत करायचं, कारण नाके बदलले. हे लोक विसरतात, पाच मीटरचं सेटिंग घेऊन दोन मीटरवर येतात आणि सगळे फोटो गुलाबी.

दुसरं, फोटो रॉ मध्ये काढा. रॉ म्हणजे कच्चा माल. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाईलमध्ये, कॅमेरा स्वतःच्या अंदाजानं मटण शिजवून, मीठ घालून ताटात वाढतो, मग तुम्ही त्यातलं मीठ कसं काढणार? रॉ मध्ये मटण कच्चं तुमच्या हातात येतं, मसाला घरी आल्यावर ठरवा. आता बऱ्याच ॲक्शन कॅमेऱ्यांत आणि चांगल्या मोबाईलमध्ये पण रॉ असतं, सेटिंगमध्ये शोधा. फाईल मोठी होते, कार्ड मोठं घ्या.

लाल फिल्टर लावला की झालं ना?

मालवणात बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यावर ती तांबडी काच असते आणि लोकांना वाटतं ती काच फोटोत तांबडा रंग घालते. नाही घालत. कुठलाच फिल्टर उजेड तयार करू शकत नाही, तो फक्त अडवू शकतो. तांबडी काच निळा आणि हिरवा अडवते. तराजूच्या एका पारड्यात निळं वजन जास्त झालंय, दुसऱ्या पारड्यात टाकायला तांबडं तुमच्याकडं नाही, मग निळ्यातलंच थोडं काढायचं आणि तोल साधायचा. फिल्टर एवढंच करतो.

त्याचा परिणाम दोन. एक, एकूण उजेड कमी होतो, म्हणून ढगाळ दिवशी किंवा गढूळ पाण्यात फोटो अंधारे नाहीतर हललेले येतात. दोन, तो ठरावीक पट्ट्यातच चालतो, साधारण तीन-चार मीटरपासनं पंधराएक मीटरपर्यंत. त्याच्या वर सगळं लालभडक, आणि फार खाली मुळात तांबडा शिल्लकच नसतो तर तोल कशाशी साधणार.

आणि एक महत्त्वाचं, फिल्टर निळ्या पाण्यासाठी वेगळा आणि हिरव्या पाण्यासाठी वेगळा. आपला किनारा काही अंदमान नव्हे. तारकर्ली-देवबागला कर्ली नदी येऊन मिळते, पावसाळ्यातला गाळ असतो, शिवाय पाण्यात डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती म्हणजे प्लवक भरपूर असतात, ज्यांच्यावर सगळ्या माशांचं पोट आहे. हे प्लवक आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा पाण्यात उतरलेला पिवळसर अर्क निळा रंग खाऊन टाकतात. तांबडा पाण्यानं खाल्ला, निळा यांनी खाल्ला, उरला हिरवा. म्हणून तिथले व्हिडिओ हिरवे येतात. अशा पाण्यात तांबड्यापेक्षा जांभळट-गुलाबी फिल्टर बरा, त्याला मॅजेंटा म्हणतात, कारण तो हिरवा अडवतो. फिल्टर घेताना दुकानदाराला नुसतं अंडरवॉटर सांगू नका, पाणी कुठलं ते सांगा.

फ्लॅश, टॉर्च आणि घाटातलं धुकं

खरा रंग पाहिजे असेल तर उजेड सोबत न्यायचा. हे फार जुनं शहाणपण आहे. समुद्राखालचा पहिला रंगीत फोटो १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन या दोघांनी काढला, एका माशाचाच, आणि त्यासाठी पाण्यावर तराफा ठेवून त्यावर जवळजवळ अर्धा किलो मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. तेवढा लखलखाट केला तेव्हा कुठं त्या काळच्या काचेच्या प्लेटवर रंग उमटले. आपल्याला आज मुठीत मावणारा दिवा मिळतो.

दिव्यानं काय होतंय, तर वरच्या सगळ्या नाक्यांचा हिशोबच मिटतो. उजेड सूर्यापासनं येतच नाही, तुमच्या हातातनं निघतो, माशावर पडतो आणि परत येतो. मासा एका फुटावर असेल तर जायला एक फूट, यायला एक फूट, म्हणजे एक नाका पण पूर्ण नाही. वीस मीटर खाली पण त्या फुटभर जागेत तांबडा तांबडाच दिसतो. मी पहिल्यांदा खाली एका काळ्या-करड्या कपारीवर टॉर्च मारला तेव्हा सगळी भिंत केशरी, तांबडी, पिवळी पेटून उठली. दिवा बंद केला, परत करडी. चार-पाच वेळा चालू-बंद करत बसलो होतो. तो क्षण मला अजून जशाच्या तसा आठवतो आणि खरं सांगायचं तर या सगळ्याचा नाद मला तिथंच लागला.

पण दिव्याचा जोर पण अंतरानं झपाट्यानं पडतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई राहतो, आणि वर टोल वेगळा. म्हणून मीटरभराच्या पुढं दिव्याकडनं काही अपेक्षा ठेवू नका, तीन मीटरवरच्या कासवावर फ्लॅश मारून काही होत नाही. उलट कमी खोलीवर भर दुपारी स्वस्तातला टॉर्च सूर्यापुढं कळतच नाही, तिथं फिल्टर किंवा व्हाईट बॅलन्सच बरा. आणि फिल्टर लावलेला असताना दिवा लावायचा नाही, दिव्याच्या उजेडात तांबडा आधीच पुरेसा आहे, वर काच निळा अडवणार, मग सगळं लाल. दोन्हीपैकी एक निवडा.

आता लोकांची तक्रार असते की दिवा लावला आणि फोटोत नुसते पांढरे ठिपके आले, पिठाचा पाऊस पडल्यासारखे. पावसाळ्यात गगनबावड्याकडनं घाट उतरताना धुक्यात अप्पर लावून बघितलाय का? समोर पांढरी भिंत उभी राहते, रस्ता दिसायचा बंद. कारण हेडलाईटचा उजेड समोरच्या थेंबांवर आपटून सरळ तुमच्या डोळ्यात येतो. पाण्यात थेंबांच्या जागी गाळ आणि प्लवकाचे कण. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असलेला फ्लॅश म्हणजे धुक्यातला अप्पर. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासनं बाजूला धरा, हात लांब करून, थोडा मागं आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून, म्हणजे झोताची फक्त कड माशावर पडते आणि मधले कण अंधारात राहतात. दांडे लावून दोन बाजूंना दोन दिवे ठेवतात ते याच्यासाठी. आणि परत तेच, जवळ गेलात तर मधले कणच कमी.

नंतर ॲपमध्ये करता येतंयच की

हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. येतंय, काही प्रमाणात. थोडा तांबडा शिल्लक असेल तर तो वाढवता येतो. पण वाढवणं म्हणजे काय ते बघा. मिरवणुकीत डॉल्बीवाल्यानं बारीक आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि व्हॉल्यूम पूर्ण वर नेला तर गाण्याबरोबर खरखर पण तेवढीच मोठी होते. फोटोत शंभरातले दोन रुपये तांबडा उरलाय, तो पन्नासपट वाढवला की त्याच्यातली खरखर पण पन्नासपट, सगळीकडं तांबडे-जांभळे दाणे. आणि जिथं काहीच उरलं नाही तिथं शून्याला कितीनंही गुणा, शून्यच.

दुसरी अडचण अंतराची. एकाच फोटोत जवळचा मासा एका फुटावर, मागची बोट सहा मीटरवर. माशाला थोडाच तांबडा लागतो, बोटीला भरपूर. तुम्ही एकच पट्टी सरकवता आणि ती सगळ्यांना सारखीच लागते, मग मासा बरोबर आला तर बोट निळी, आणि बोट बरोबर करायला गेलात तर मासा टोमॅटो. यावर २०१९ मध्ये डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ या दोघी संशोधकांनी सी-थ्रू नावाची पद्धत मांडली, ज्यात फोटोतला प्रत्येक ठिपका कॅमेऱ्यापासनं किती लांब आहे ते आधी काढतात आणि मग ज्याला जेवढा टोल लागलाय तेवढाच परत करतात. काम बघण्यासारखं आहे. पण त्याला पण रॉ फोटो आणि अंतराची माहिती लागते. मोबाईलवरची एका बटणाची ॲप्स अंतर मोजत नाहीत किंवा अंदाजानं रंग भरतात, आणि अंदाजानं भरलेला रंग म्हणजे त्या माशाचा रंग नव्हे.

घरी एडिट करताना मी काय करतो तर, आधी फोटोत खरोखर पांढरं किंवा करडं काय होतं ते शोधतो, टाकी, वाळू, पाटी, त्याच्यावर व्हाईट बॅलन्स लावतो, मग हिरवा-गुलाबी पट्टी थोडी गुलाबीकडं, आणि मागच्या पाण्याला हात लावत नाही. पाणी निळं-हिरवंच राहू दे. पाणी पांढरंशुभ्र करायच्या नादात माणसाचा चेहरा जांभळा झालेले फोटो मी ढिगानं बघितलेत.

मग हे रंग परत आणणं खोटं नाही का?

आत्तीनंच विचारलं हे. "खाली काळं दिसतंय तर काळंच दाखवा की." प्रश्न सोपा नाही आणि मला त्याचं एकच उत्तर देता येत नाही. त्या खोलीवर राहणाऱ्या माशाच्या दृष्टीनं ती कपार करडीच आहे, तिथं कोण टॉर्च घेऊन जात नाही. पण त्या कपारीवर चिकटून राहणारा स्पंज नावाचा जो जीव आहे त्याच्यात केशरी रंगद्रव्य खरोखर आहे, मी ते बाहेरनं आणलेलं नाही, फक्त त्याच्यावर पांढरा उजेड पाडला. अंधाऱ्या गाभाऱ्यात समई लावून मूर्ती बघितली तर तिला कोण खोटी म्हणत नाही. मासा ओळखायचा असेल, प्रवाळ जिवंत आहे की पांढरं पडलंय हे बघायचं असेल तर खरा रंग लागतोच. मी चुकीचं मानतो ते फक्त एवढंच, की जे नव्हतं ते घालणं.

कॅमेरा कुठला?

जो आहे तो. टोल सगळ्यांना सारखा लागतो, लाखाच्या कॅमेऱ्याला सवलत नाही. मोठा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, असला तर खरखर कमी येते, एवढाच फरक. आपल्याच गावात मूकपट बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला होता, त्यामुळं यंत्र महाग नाही म्हणून काम अडलं हे कोल्हापुरात तरी पटायला नको. पैसे असतील तर आधी दिवा घ्या, मग कॅमेरा. मोबाईल पाऊचमध्ये घालून नेणार असाल तर लक्षात ठेवा, पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, व्हॉल्यूमच्या बटणानं फोटो निघेल असं आधी सेट करा, आणि मोबाईलचं वॉटरप्रूफ रेटिंग गोड्या पाण्यातलं असतंय, खाऱ्या पाण्याची हमी त्यात नसते. मोबाईल घालायच्या आधी पाऊच रिकामा, आत टिश्यू पेपर ठेवून, बादलीत तासभर बुडवून बघा.

आणि पहिली डाईव्ह असेल तर व्हिडिओ गाईडच काढणार, तुम्ही नाही. मग बोटीतच त्याला प्रेमानं सांगा: दादा, जरा जवळनं काढा, आणि सूर्य तुमच्या पाठीला राहील असं बघा. ऐकतात, मी सांगून बघितलंय.

जायच्या आधी कोल्हापुरात एक प्रयोग

समुद्र पावसाळ्यात बंद असतो, साधारण ऑक्टोबरपासनं डाईव्ह सुरू होतात, मधे वेळच वेळ असतो. पोहण्याच्या तलावात परवानगी घेऊन कॅमेरा न्या. तलाव दीड मीटर खोल असला तरी चालतो, कारण नाके आडवे पण लागतात हे आपण बघितलं. एकानं पाण्याखाली तांबडं कापड धरायचं, दुसऱ्यानं व्हाईट बॅलन्स एकदाच लावून तो न बदलता हाताच्या अंतरावरनं, मग तीन मीटरवरनं, मग दहा मीटरवरनं फोटो काढायचा.

आम्ही मे महिन्यात हे केलं, भाचीनं तोच टी-शर्ट घातला होता. हाताच्या अंतरावर तो कुंकवासारखा तांबडा आला, तीन मीटरवर विटकरी, आणि दहा मीटरवर मातकट तपकिरी, जवळजवळ मालवणच्या व्हिडिओतल्यासारखाच. तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून आत्तीला दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही नीट बघितले आणि विचारलं, "मग मालवणला त्यो पोरगा एवढ्या लांब का उभा हुता?"